कॅमेरा झकास, डायल भिकार: नऊ महिने वापरल्यावर

मेगापिक्सेल वगैरे लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं, आणि कंपनीचं नाव तर मुद्दामच घेत नाही. ऑक्टोबरमध्ये सेकंडहँड घेतलेला क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवाला साधा डीएसएलआर, सोबत १८-५५ किट लेन्स, नंतर पैसे साठवून कमी उजेडात चालणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतली. फोटो एक नंबर येतात, बॅटरी संपता संपत नाही. माझं भांडण आहे ते वरच्या गोल मोड डायलशी, म्हणजे फोटो काढायची पद्धत निवडायच्या चाकाशी. महागातल्या कॅमेऱ्याला डायलच्या मधोमध लॉकचं बटण असतं, ते दाबल्याशिवाय डायल हलत नाही. ह्याला ते नाही. एवढ्याशा बटणापायी मामेबहिणीच्या लग्नाची वाट लागली. म्हणजे फोटोंची, लग्न व्यवस्थित झालं.

झालं काय, जानेवारीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, मित्राची लांबचं टिपणारी ७०-३०० लेन्स उसनी घेऊन. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख शार्प हवेत म्हणून एस मोड लावला, म्हणजे शटर स्पीड (पडदा किती वेळ उघडा राहणार ते) आपण ठरवायचा आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं ते) कॅमेऱ्याने बघून घ्यायचं. शटर ठेवला १/२००० सेकंद. फोटो मस्त आले, विषय संपला. पण एस मोड तो आकडा विसरत नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

फेब्रुवारीत लग्न. नवरीच्या खोलीत ए मोडवर काढत होतो, म्हणजे अॅपर्चर मी १.८ ठेवलेलं (आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळवायचा तो आकडा, ८०० च्या आसपास, शटर कॅमेरा १/१२५ देत होता, सगळं छान. मुहूर्त जवळ आला, मामी हाका मारायला लागली, कॅमेरा बॅगेत कोंबला आणि पळत हॉलमध्ये. बॅगेतून काढताना डायल एक घर सरकली. ए च्या शेजारी कोण? एस. आणि तिथे भिगवणचा १/२००० बसलेलाच होता.

आता हिशोब बघा. १/१२५ वरून २५०, ५००, १०००, २०००, म्हणजे चार स्टॉप, दर स्टॉपला प्रकाश निम्मा, म्हणजे सोळापट कमी प्रकाश. लेन्स आधीच पूर्ण उघडी. ऑटो आयएसओ बिचारा ८०० वरून ६४०० पर्यंत गेला, तिथे मीच लिमिट लावलेलं, म्हणजे तीन स्टॉप भरून निघाले आणि एक स्टॉप उधार राहिला. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये समोरचं जसं आहे तसंच दिसतं, फोटो काळा येतोय हे कळत नाही, खाली आकडा लुकलुकत होता म्हणे पण अंतरपाट खाली येताना आकडे कोण बघतं! घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर नवरा-नवरी दोघंही वाढलेल्या आयएसओच्या दाण्यांमुळे रव्यात लोळून आल्यासारखी, वर अंधार. त्यात रॉ (नंतर बरंच उजळता येणारी कच्ची फाइल) नाही, नुसते जेपीजी, कारण कार्ड ३२ जीबीचं आणि दुसरं घ्यायला जीवावर आलेलं. काटकसर अशी नडते.

गंमत म्हणजे अक्षता मात्र हवेत जागच्या जागी थिजल्यात, एकेक दाणा मोजून घ्या. मामीने नेमका तोच फोटो फ्रेम केलाय.

मग डायल घट्ट करून मिळेल का म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. नुसतं उघडून बघायचे साडेसातशे, वर जीएसटी वेगळा. काउंटरवरचा मुलगा दोनदा फिरवून म्हणाला, सर हे नॉर्मल आहे, हवं तर वरचं अख्खं कव्हर बदलावं लागेल. म्हटलं राहू दे बाबा. येताना इलेक्ट्रिकच्या दुकानातून वीस रुपयांची काळी टेप घेतली आणि डायल ए वर चिकटवून टाकली. मेनूमध्ये ऑटो आयएसओसाठी कमीत कमी शटर १/१२५ लावला, म्हणजे अंधारात कॅमेरा शटर ढिला करण्याआधी आयएसओ वाढवतो. घरगुती ऐंशी टक्के काम ह्यात भागतं, ते फुलाचं, पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेले सीन मोड मी आजवर लावलेले नाहीत.

अपडेट: आषाढी वारीत दिवे घाटात पालखीला गेलो. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, आणि फोटोत सगळे वारकरी राखाडी. ह्यात डायलचा दोष नाही हे कबूल. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम करड्या रंगाचंच वाटतं, पांढरं फार दिसलं की तो फोटो दाबतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या मापावर आपली भर, +०.७ केलं, टोप्या पुन्हा पांढऱ्या.

आणखी एक, पी मोडला, जिथे शटर-अॅपर्चर दोन्ही कॅमेराच ठरवतो, मी कायम हसत आलो, ऑटोचा चुलतभाऊ म्हणायचो. परवा बाबांनी मला न विचारता टेप काढली आणि पी वर बागेत फोटो काढत बसले. ऑटोसारखा फ्लॅश आपोआप उघडत नाही, मागचं चाक फिरवलं की उजेड तोच ठेवून शटर-अॅपर्चरची जोडी बदलते, म्हणजे जास्वंदीमागचा कुंडीचा पसारा धूसर करायचा तर एफ ४ कडे, सगळी बाग हवी तर एफ ११ कडे. हे बाबांना दहा मिनिटांत जमलं, मला नऊ महिने माहीत नव्हतं.

टेप आता पी वर आहे. डिंक मात्र चिकट झालाय, डायलवरची अक्षरं पुसट व्हायला लागलीत, विकताना पाचशे कमी येणार.