ड्रायव्हर नसलेला डिजिटल पियानो कॉम्प्युटरला जोडायचाय? कुठली वाट धरावी

गोव्याहून नाहीतर कोल्हापुरातून जुना डिजिटल पियानो आणणारे आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात आता बरेच झालेत. वाद्य ठणठणीत असतं. अडतं ते लॅपटॉपला जोडताना. सोबतची सीडी मूळ मालकाकडेच हरवलेली, सापडली तरी लॅपटॉपला सीडी घालायला जागा नाही, आणि कंपनीच्या साइटवरचा शेवटचा ड्रायव्हर (पियानो कॉम्प्युटरला ओळखू यावा म्हणून बसवायचा छोटा प्रोग्रॅम) विंडोज ७ च्या काळातला. मग कोणीतरी सांगतं, "हे आता जोडता येत नाही, नवीन घ्या." नवीन घेण्याआधी पियानो भिंतीपासून ओढा आणि मागची भोकं बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

उरलेला निम्मा तुमच्या गरजेवर आहे. पियानोचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचाय, की वाजवलेल्या सुरांची नोंद? सुरांची नोंद पाठवायची पद्धत म्हणजे मिडी, आणि तिच्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली (० ते १२७) आणि कधी सोडली, एवढंच जातं. स्वरलिपी लिहायची, चुकलेला सूर नंतर दुरुस्त करायचा, मुलाच्या परीक्षेचा तुकडा काळी एकवरून काळी दोनवर न्यायचा, तर मिडीच हवी. अभंगाला साथ वाजवून ती फक्त रेकॉर्ड करायची असेल तर मिडीच्या फंदात पडूच नका.

नुसत्या रेकॉर्डिंगच्या कामाला हेडफोनचं किंवा लाइन-आउटचं भोक पुरतं. वायर पन्नास-शंभर रुपयांची, ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. मात्र लॅपटॉपचं हेडफोन-माइकचं एकच भोक असेल तर त्यात आवाज माइक म्हणून आणि मोनो जातो, वर फाटतो. लाइन-इन (बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेणारं भोक) असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आणि जुन्या घरात, जिथे अर्थिंग नावापुरतं असतं, तिथे रेकॉर्डिंगमध्ये सलग गुंऽऽ ऐकू येतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा ते तिथल्या तिथे थांबतं.

आता मिडी. पाच पिनांची गोल भोकं, 'इन' आणि 'आउट' लिहिलेली, तुमच्या पियानोला असतील तर तुम्ही नशीबवान. ही पद्धत १९८३ सालची. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे आजच्या मानाने बैलगाडी, पण एका सुराचा निरोप तीन बाइटचा असल्याने तो एक मिलिसेकंदाच्या आत पोचतो. महत्त्वाचं म्हणजे इथे पियानोच्या कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही. कॉम्प्युटरला दिसतो तो मधला यूएसबी-मिडी कन्व्हर्टर. पियानो वीस वर्षं जुना असो की कंपनीने त्याचं नाव टाकलेलं असो, फरक पडत नाही.

कन्व्हर्टरमध्ये मात्र दोन जाती आहेत. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी बिननावाची केबल, आणि नावाजलेल्या कंपनीचा कन्व्हर्टर, जो कित्येक पट महाग पडतो. स्वस्तातल्या काही केबलींत मिडी इनच्या बाजूचा ऑप्टो-आयसोलेटर गाळलेला असतो. दोन यंत्रांमधला विजेचा संबंध तोडणारा हा भाग नसला की गोंगाट आणि अर्थिंगची गडबड परत आत शिरते. दाट कॉर्ड आणि सस्टेन पेडल एकदम आलं की काही केबली एखादा निरोप गिळतात. मग सूर सोडला तरी वाजतच राहतो, आणि माणूस पेडल बिघडलं म्हणून मेकॅनिक शोधत फिरतो. फक्त एकेरी सुरावट लिहून घ्यायची असेल तर स्वस्त केबल चालेल. दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याने तिथे पैसे वाचवू नयेत असं माझं मत आहे.

चांगल्या कन्व्हर्टरलाही बघून घ्या. रोलँडच्या यूएम-वनच्या दुसऱ्या आवृत्तीवर एक इवलासा स्विच आहे: 'कॉम्प' बाजूला ठेवला तर त्याला त्याचा ड्रायव्हर लागतो, 'टॅब' बाजूला ठेवला तर तो बिनड्रायव्हरचा चालतो. आपल्याला 'टॅब' हवं. जोडताना आणखी एक गोंधळ होतो. स्वस्त केबलीवर 'इन' लिहिलेली पिन सहसा पियानोच्या 'आउट'मध्ये जाते. काहीच येत नसेल तर आधी पिना उलट करून बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात या पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन चार-पाच वेळा आतबाहेर केली की बहुधा काम होतं.

गोल भोकं नाहीत, फक्त प्रिंटरला असतो तसा चौकोनी यूएसबी आहे, तर खरी परीक्षा. (चपटा यूएसबी सहसा पेनड्राइव्हसाठी असतो, तिथे वेळ घालवू नका.) यूएसबीवरून मिडी कशी पाठवायची याचे सामाईक नियम १९९९ साली ठरले. ते पाळणारा पियानो विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड ६ च्या पुढचा फोन यांना बिनड्रायव्हरचा ओळखू येतो. न पाळणारा मात्र आपलीच भाषा बोलतो. काही वाद्यांना दोन्ही येतात. रोलँडच्या बऱ्याच मॉडेलांच्या मेनूत 'यूएसबी ड्रायव्हर' असा पर्याय असतो, तो 'जेनेरिक'वर करा आणि पियानो बंद करून पुन्हा चालू करा. बिनखर्चाचा उपाय, म्हणून तो पहिला.

तसा पर्याय नसेल तर माझी पसंती लिनक्सला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आवाजाची बाजू सांभाळणाऱ्या आल्सा या भागात नियम न पाळणाऱ्या वाद्यांची यादीच भरलेली आहे, त्यात यामाहा आणि रोलँडची पुष्कळ जुनी मॉडेलं आहेत. विंडोजवर ड्रायव्हर नसल्याचा पिवळा त्रिकोण दाखवणारा पियानो तिथे मुकाट्याने चालू होण्याची चांगली शक्यता असते. आणि विंडोज पुसायची गरज नाही: ८ जीबीच्या किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर उबुंटू हा लिनक्सचा प्रकार टाका, लॅपटॉप त्यावरून चालू करा, 'ट्राय' निवडा, स्वरलिपी लिहायचं म्यूझस्कोर बसवा आणि मिडी इनपुटच्या यादीत पियानोचं नाव येतं का बघा. आलं तर तोच लॅपटॉप दोन्ही पद्धतीने चालवता येतो. नाही आलं तर पेनड्राइव्ह काढा, काहीच बिघडलेलं नाही. शिकणाऱ्या मुलांना आणि स्वरलिपी लिहिणाऱ्यांना एवढं पुरतं. विंडोजवरच्या एखाद्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर तुमचं पोट असेल तर मात्र नाही.

जुना ड्रायव्हर विंडोज ११ वर रेटून बसवणं, ही वाट मी शेवटची ठेवतो. ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोजवर तो चालणारच नाही, कितीही खटपट करा. ६४ बिटचा असला तरी 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुरक्षा त्याला अडवू शकते, आणि पियानोसाठी बँकेचे व्यवहार करणाऱ्या लॅपटॉपची कडी काढून ठेवणं मला पटत नाही. कुठल्याशा साइटवरून ड्रायव्हर उतरवणं तर नकोच. घरात विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर पडून असेल तर त्यावर मूळ ड्रायव्हर बसवून, इंटरनेट काढून, तो फक्त वाद्यासाठी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

जोडणी झाली, नोंद होतेय, पण कॉम्प्युटरमधला आवाज बोटांच्या मागे पडतोय अशी तक्रार यानंतर हमखास येते, आणि लोक केबलीला दोष देतात. दोष सहसा विंडोजच्या आपल्या मिडी सिंथेसायझरचा असतो, तो मुळातच उशिरा वाजतो. असिओ फोर ऑल हा मोफत साउंड ड्रायव्हर बसवा, सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा आणि बफर (वाजण्याआधी आवाज क्षणभर साठवायची जागा) २५६ वर ठेवा. ४४,१०० हर्ट्‌झला त्याचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो. आवाज तुटायला लागला तर ५१२ करा.