ट्रॅप की स्कीट? पुण्यातून क्ले नेमबाजीकडे वळताना

बालेवाडीच्या १० मीटर रेंजवर दोन-तीन वर्षं एअर रायफल झाली की काहींना बारा बोर, म्हणजे छऱ्यांची बंदूक खुणावू लागते. तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो ट्रॅप घ्यावं की स्कीट, याचा. बरेच जण ओळखीतला माणूस जे खेळतो तेच उचलतात आणि दोन वर्षांनी बंदूक बदलायला निघतात.

दोन्ही क्ले नेमबाजीचेच प्रकार: हवेत उडणारी तबकडी छऱ्यांनी फोडायची. दोन्हींत तबकडी एकच. डांबर आणि चुनखडीची, ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची. काडतुसात छरे २४ ग्रॅम. फेरी २५ तबकड्यांची, मोठ्या स्पर्धेत पात्रतेला १२५; २०१८ पासून महिलांनाही तेवढ्याच. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा तुकडा उडाला तरच हिट. नुसता धुरळा उडाला तर शून्य. फरक पडतो तो तबकडी येते कुठून आणि तुम्ही उभे कसे राहता यात.

ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यापासून लांब पळते. पुढे १५ मीटरवर खंदक, त्यात तबकड्या फेकणारी १५ मशीन, उभं राहण्याच्या पाच जागांपैकी प्रत्येकीसमोर तीन. 'पुल' म्हटलं की मायक्रोफोन आवाज पकडतो आणि तिघांपैकी एक मशीन सुटतं. कोणतं, ते आधी कळत नाही. कोन डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत, पल्ला ७६ मीटर. फेरीत प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या आणि ५ मधल्या मिळतात, त्यामुळे 'मला सगळ्या अवघडच आल्या' ही तक्रार चालत नाही. बंदूक आधीच खांद्याला लावून उभं राहायचं आणि एका तबकडीवर दोन बार टाकायची मुभा.

स्कीटमध्ये तबकडी आडवी जाते. मशीन ठेवलेल्या दोन घरांपैकी डावीकडच्या उंच घरातून ३.०५ मीटर उंचीवरून सुटते, उजवीकडच्या बुटक्या घरातून १.०७ मीटरवरून. अर्धवर्तुळावर सात जागा आणि आठवी दोन घरांच्या मधोमध. तबकडीचा मार्ग दर वेळी तोच. पण काही जागांवर दोन तबकड्या एकदम सुटतात आणि प्रत्येकीला एकच बार. शिवाय तबकडी दिसेपर्यंत दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा भाग, जॅकेटवर आखलेल्या रेषेच्या खाली ठेवावा लागतो, आणि 'पुल' म्हटल्यावर मशीन लगेच ते ३ सेकंद यांत केव्हाही सुटतं. ते तीन सेकंद नवशिक्याला फार लांब वाटतात.

खर्चाचं गणित इथेच दडलंय. स्कीटच्या फेरीला २५ काडतुसं, एकही जास्त नाही. ट्रॅपला ५० पर्यंत, आणि नवा माणूस दुसरा बार सर्रास टाकतो.

चुका मात्र निराळ्या. ट्रॅपमधली नेहमीची चूक म्हणजे तबकडी फुटली का ते बघायला गाल दस्त्यावरून उचलणं. डोळा वर गेला की बारही वर जातो. दुसरी, अंदाज बांधणं. 'आता डावी येणार' म्हणून नळी आधीच डावीकडे सरकते आणि तबकडी उजवीकडे निघते. उलटं वळेपर्यंत ती ४० मीटर लांब गेलेली असते आणि तिथे छरे विरळ होतात. पावसाळी वारा समोरून आला तर तबकडी अचानक उचलली जाते, मागून आला तर दबते. स्कीटवर वाऱ्याचा त्रास कमी.

स्कीटमध्ये बहुतेक मिस तबकडीच्या मागे जातात. चौथ्या जागेवरून आडव्या तबकडीपर्यंत पोचायला छऱ्यांना सेकंदाचा विसावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती मीटरभर सरकते. म्हणजे नळी तिच्या मीटरभर पुढे हवी, आणि चाप ओढल्यावरही फिरती राहायला हवी. रायफलवाल्यांचं नेमकं इथेच बिनसतं: नेम साधायला नळी थांबवतात. इथे माशीकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमखुणेकडे, बघायचं नसतं, दोन्ही डोळे उघडे ठेवून तबकडीकडे बघायचं असतं. दुसरी खोड म्हणजे दस्ता गालाला आणायचा सोडून मान खाली दस्त्याकडे नेणं.

बंदूक घेताना हे लक्षात ठेवा: वर चढणाऱ्या तबकडीसाठी ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडा वर बार टाकते, चोक (छरे किती पसरतील ते ठरवणारा नळीच्या तोंडाचा निमुळता भाग) घट्ट असतो. स्कीटची नेमावरच टाकते, चोक उघडा, छरे बारीक. ठरत नसेल तर चोक बदलता येणारी आणि गालाखालचा भाग वरखाली होणारी ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) घ्या. डबल ट्रॅपचा, म्हणजे एकदम दोन तबकड्या सुटणाऱ्या ट्रॅपचा, विचार करू नका. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन सिंह राठोड यांनी रौप्य जिंकलं ते याच प्रकारात, पण २०१६ नंतर तो ऑलिम्पिकमधून गेला. स्पोर्टिंग हा क्लेचा आणखी एक प्रकार मजेदार आहे, तिथे ६० मिलिमीटरची मिनी आणि जमिनीवरून उड्या मारत जाणारी 'ससा' तबकडीही असते. पण तो ऑलिम्पिकचा रस्ता नाही.

परवान्याशिवाय स्वतःची बंदूक घेता येत नाही. तो पुणे आणि पिंपरी-चिंचवडला आपापलं पोलिस आयुक्तालय देतं, ग्रामीण भागाला जिल्हाधिकारी. छरे दोनशे मीटरच्या आसपास जातात, म्हणून अशा रेंजला मोकळी जमीन फार लागते. मोठ्या सरावासाठी दिल्लीची कर्णीसिंह रेंज किंवा जयपूर गाठायचं, म्हणजे महिन्यातून मोजकेच बार.

म्हणूनच पुण्यातल्या माणसाला आमचा कौल स्कीटला. ट्रॅप अनपेक्षित असतं, ते खरे बार टाकूनच अंगात भिनतं. स्कीटचा मार्ग ठरलेला, तो घरी घोटता येतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवा, बंदूक उघडून दोनदा रिकामी बघा. नळीच्या तोंडात बसेल असा छोटा टॉर्च लावा. हॉलमध्ये भिंत आणि छत मिळतात ती रेघ म्हणजे तबकडीचा मार्ग. दस्ता कमरेशी, टॉर्चचा ठिपका रेघेच्या एका टोकाला. आता ठिपका रेघेवरून फिरवत फिरवतच दस्ता गालाला आणा. ठिपका शेवटी वर उडाला तर मागचा हात पुढच्याच्या मागे पडतोय, आणि रेघेखाली घसरला तर मागचा हात आधी उचलतोय. रोज पंधरा मिनिटं पुरे. हात थकला की थांबा, कारण थकल्या हाताने केलेली चूकही तितकीच पक्की बसते.