जंपरवालं आयसा सिरियल कार्ड: काजूचा सीझन आणि पावसाळा काढल्यावर

वेंगुर्ल्याला आमच्या काजू कारखान्यात वजनाचा प्रोग्राम अजून विंडोज ९८ वरच चालतो, मालक म्हणतात चालतंय ना मग कशाला हात लावायचा. पीसीला दोनच सिरियल पोर्ट, एकावर माऊस नि दुसऱ्यावर यूपीएस, म्हणून काटा आणि लेबल प्रिंटरसाठी हे दोन पोर्टवालं आयसा (ISA, म्हणजे मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड टाकलं. मार्चपासून वापरतोय, आता पाऊस सरत आला.

डिफॉल्टवर ठेवलंत तर कार्ड घेऊन उपयोग नाही. सिरियल पोर्टना कॉम१, कॉम२ अशी नावं असतात; कॉम१ आणि कॉम३ दोन्ही आयआरक्यू ४ वर (आयआरक्यू म्हणजे पोर्टने प्रोसेसरला हाक मारायची लाइन, तीच इंटरप्ट), कॉम२ आणि कॉम४ दोन्ही ३ वर. पत्ते वेगळे असतात, ३एफ८ आणि ३ई८, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट दिसतो आणि माणूस फसतो. पण आयसावर इंटरप्ट शेअर होत नाही हो, सिग्नल वर चढतानाच पकडला जातो, एका पोर्टने लाइन वर धरून ठेवली की दुसऱ्याचं प्रोसेसरला कळतच नाही. आमच्याकडे काटा आणि माऊस एकाच लाइनवर आल्यामुळे काटा चालू झाला की माऊस गोठायचा आणि माऊस हलवला तर वजन अर्धवट, पॅकिंगवाल्या मावशी ओरडायच्या "माऊसाक हात लाव नको, वजन येता हा!"

या कार्डची खरी किंमत त्याच्या जंपरमध्ये आहे, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोप्या, त्या हलवून आयआरक्यू निवडायचा. लांब १६ बिट पट्टीचं असल्यामुळे १० आणि ११ पण मिळतात, आखूड ८ बिटवालं घेतलंत तर ७ च्या वर जाताच येत नाही आणि ५ साउंड कार्ड खातं, ७ प्रिंटर पोर्ट. काटा १० वर, लेबल प्रिंटर ११ वर टाकला. मग डिव्हाइस मॅनेजरच्या रिसोर्सेसमध्ये ऑटोमॅटिकची टिक काढून तेच नंबर हाताने द्यायचे, आणि वजनाच्या डॉस प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पण, हे लोक विसरतात. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) १० आणि ११ लेगसी आयसासाठी राखून ठेवा, नाहीतर पीसीआयचं (नव्या पद्धतीच्या स्लॉटचं) नेटवर्क कार्ड त्यातला एक उचलतं.

तेव्हापासून सीझनभर एक वजन चुकलं नाही. ९६०० बॉडच्या वेगावर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं येतात, त्यात कार्डवरची पोर्ट सांभाळणारी चिप १६५५० ची, १६ बाइटचा बफर आहे, त्यामुळे लेबल छापताना पण आकडा तुटत नाही. १६४५० वाली चिप असेल तर घेऊ नका, त्यात असा बफर नसतो, स्वस्त मिळाली तरी.

तक्रारी आहेत. जंपरवरचे आकडे एवढे बारीक की टॉर्च आणि भिंग लागतं, कागद तर सोबत नव्हताच. आणि खारं वारं! जुलैत प्रिंटर मधेच गप्प व्हायला लागला, सेटिंग सगळं जागेवर, शेवटी बघितलं तर जंपरच्या पिना हिरव्या पडलेल्या. पिना पुसल्या, कार्डची पट्टी खोडरबरने घासली, लगेच चालू. आता दर महिन्याला झाकण उघडतो. विजा चमकायला लागल्या की काट्याची केबल काढून ठेवतो, कारण पोर्ट जळला तर असं कार्ड परत कुठे शोधणार.