हलक्या वाऱ्याचा कोड झिरो: शीड झकास, सोबतचे दोर टाकाऊ

आमच्या बोटीला कोड झिरो घेतला, म्हणजे हलक्या वाऱ्यात पुढे लावायचं मोठं शीड. ते जिच्याभोवती गुंडाळतात ती केबल सदोष निघाली. अखेर विक्रेत्याकडून ती बदलून मिळाली, तीही जादा पैसे न देता. म्हणून आता नीट लिहितो. टोलवाटोलवी चालू असताना लिहिलं असतं, तर नुसता राग निघाला असता.

आमचं शीड दीड औंस नायलॉनचं, बोस्प्रिटवर (बोटीच्या नाकापुढे आलेल्या दांड्यावर) लावून फर्लरने (खालून फिरवायच्या चक्राने) गुंडाळायचं. सेलमेकरचा एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 43 ग्रॅम. नेहमीच्या जेनोआचं (पुढच्या शिडाचं) डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, याच्या चौपट जड आहे, आणि हा फरक 4-5 नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात कळतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे वारा 10 वरून 5 नॉटवर आला की जोर निम्मा राहत नाही, चौथाई होतो. एवढ्याशा जोरावर जड कापडाला पोटच येत नाही. बोट लाटेवर डुलली की ते फडाफड आपटतं आणि होता तो वेगही जातो. नायलॉन त्याच वाऱ्यात भरून उभं राहतं. मला डिझेल जाळायला जिवावर येतं, त्यामुळे एवढ्या एका गुणावरच पैसे वसूल झाले, असं मी म्हणेन.

पण ते दोर! शिडासोबत 12 मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरच्या शीट (शीड ओढून धरायचे दोर) आल्या आणि क्लूला, म्हणजे शिडाच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला, लावायला स्टीलचा भलामोठा स्नॅप शॅकल (झटपट अडकवायचा आकडा). एवढं हलकं शीड शिवायचं आणि त्याच्या कोपऱ्याला असं वजन लटकवायचं, हे माझ्या डोक्यात अजूनही जात नाही. 4 नॉट वाऱ्यात क्लूकडे बघत बसा, म्हणजे कळेल. भिजलेली शीट कठड्यावरून लोंबत असते. क्लू खाली ओढला जातो, लीच (शिडाची मागची कड) ताठ होते आणि शिडाचा वरचा भाग मिटतो. झुळूक येते, पोट धरायला लागतं, तेवढ्यात बोट डुलते, शॅकल झोका घेतो आणि शीड पुन्हा कोसळतं. शीड वाईट नाही, त्याला भरूच दिलं जात नाही.

आम्ही पदरमोड करून 6 मिलिमीटरच्या, डायनीमा या मजबूत धाग्याच्या शीट केल्या. जाडी निम्मी केली की वजन चौथाईवर येतं, आणि डायनीमा पॉलिएस्टरहून हलका, पाण्यावर तरंगणारा. हातात आणि विंचवर (दोर ताणायच्या रहाटावर) येतो तेवढ्याच भागावर कव्हर ठेवलं, नाहीतर बारीक दोर हाताला कापतो. शॅकल काढून टाकला, थेट बोलाइन गाठ मारली. त्या दिवसापासून हे शीड वेगळंच वाटतंय. सेलमेकर मंडळी कापडाच्या ग्रॅमग्रॅमचा हिशेब सांगतात आणि दोराबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याचा मला खरोखर संताप येतो.

सुरुवातीला माझं मत होतं की वारा मागून असताना हे शीड निरुपयोगी आहे, त्यापेक्षा असिमेट्रिक स्पिनेकर (मागच्या वाऱ्यासाठीचं फुगीर शीड) घ्यावा. आता तसं म्हणणार नाही. 6 नॉट वारा थेट पाठीमागून आणि बोटीचा वेग अडीच नॉट असेल, तर शिडाला साडेतीनच नॉट वारा मिळतो. ते लोंबणारच. पण तोच 6 नॉट वारा काटकोनात घेऊन बोट 4 नॉटने चालली, तर शिडाला 7 नॉटहून जास्त वारा लागतो, तोही पुढून तिरका. म्हणून आम्ही सरळ न जाता तिरके टप्पे घेत जातो. अंतर वाढतं, पण बोट चालत राहते. कायम पाठीमागूनच वारा घेऊन जाणाऱ्यांनी मात्र स्पिनेकरच घ्यावा.

आता केबलचं प्रकरण. वारा 14 नॉटवर गेला, गुंडाळायला घेतलं, तर खालचा भाग गरागरा फिरला आणि वरचं निम्मं शीड उघडंच. बोट वाऱ्याबरोबर वळवली, शीड मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) आडोशाला घेतलं आणि तसंच खाली उतरवलं. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) ढिला होता. आमचा हॅलयार्ड दुहेरी पर्चेसचा (कप्पीमुळे दुप्पट ताण देणारा), विंचवर ताणलेला, फोटो पाठवले. मग नवीन केबलचे पैसे मागितले. शेवटी केबल डेकवर ताणून धरली, एक टोक पिळलं आणि व्हिडिओ काढला. खालच्या टोकाला वेढ्यावर वेढे बसतायत आणि वरचं टोक जागचं हलत नाही. पीळ वर पोचवणं एवढंच त्या केबलचं काम! त्यानंतर मुकाट्याने बदलून दिली. नव्या केबलवर शीड वरपासून खालपर्यंत एकसारखं गुंडाळलं जातं.

आकाराबद्दल थोडक्यात. कोड झिरो आला 1997-98 च्या व्हिटब्रेड या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतून, आणि बऱ्याच शर्यतींच्या नियमांत तो स्पिनेकर ठरायला मधली रुंदी फूटच्या (खालच्या कडेच्या) 75 टक्के लागते. त्यामुळे लीचचा फुगवटा उगाच मोठा होतो आणि वाऱ्याच्या जवळ जाताना फडफडतो. शर्यत करायची नसेल तर कमी रुंदीचं शिवून घ्या.

आमच्या शिडाला ऊन अडवणारी पट्टी नाही, आणि मला ती नकोच होती. तेही कडेला वजनच. उन्हाने नायलॉन कुजतं, म्हणून काम झालं की गुंडाळी उतरवून पिशवीत. ऑर्डर देताना शीट आणि शॅकल वगळायला सांगा, तेवढे पैसे कमी करून घ्या, आणि केबल ताब्यात घेण्याआधी तिथेच पिळून बघा.