पत्र्याच्या छपरावर चालण्यासाठी बूट : नायट्रिल रबराच्या तळाची जोडी

जळगाव जिल्ह्यात पत्र्याच्या छपरांना तोटा नाही. जिनिंगचे लांबच लांब शेड, औद्योगिक वसाहतीतील चटईचे व पाइपचे कारखाने, रावेर-यावलकडील केळी भरण्याची केंद्रे, अशा ठिकाणी सौर पॅनेल बसवण्याचे काम आमची लहानशी टोळी करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली आणि तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, तेव्हापासून छपरावर चढणारी नवखी मुले वाढली आहेत. त्यांतील पुष्कळ जण स्लीपर किंवा झिजलेले खेळाचे बूट घालूनच शिडी चढतात. म्हणून गेल्या हंगामात सगळ्या टोळीसाठी घेतलेल्या बुटांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

बूट घोट्यापर्यंतचा, चामड्याचा आहे. त्याच्या तळाला आतून हलका पॉलियुरेथेनचा थर व बाहेरून नायट्रिल रबर आहे. जिभेवर भारतीय मानक आयएस १५२९८, दर्जा एसवनपी (पुढची टोपी, अँटिस्टॅटिक तळ व खालून टोचण्यापासून बचाव असलेला), आणि पुढे एचआरओ व एसआरसी ही अक्षरे छापलेली आहेत. किंमत साध्या पॉलियुरेथेनच्या सेफ्टी बुटापेक्षा बरीच जास्त आहे आणि दुकानदार बहुधा स्वस्त जोडीच पुढे करतो, कारण त्याच्या लेखी सेफ्टी बूट म्हणजे पुढची लोखंडी टोपी. ही टोपी २०० जूल ऊर्जेचा आघात सोसेल अशी असते आणि कारखान्यात तिचे मोल मोठे आहे. परंतु छपरावर पायावर वस्तू पडण्यापेक्षा पाय घसरण्याचा धोका कितीतरी अधिक असल्याने तेथे जोडी निवडताना आधी तळ उलटा करून पाहावा, टोपी नंतर.

एचआरओ या खुणेचा अर्थ असा, की बाहेरचा तळ ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागाला एक मिनिट टेकवला तरी वितळत नाही किंवा तडकत नाही. आपला पत्रा इतका तापत नाही, हे खरे. तरीही भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हातल्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही, आणि अशा पत्र्यावर दुपारपर्यंत वावरले की स्वस्त पीव्हीसीचा तळ मऊ पडतो व निव्वळ चिकटवलेला तळ कडेने उलू लागतो. आमच्या जोड्यांचा तळ साच्यातच वरच्या भागाशी एकजीव केलेला आहे आणि पूर्ण उन्हाळा काढूनही एकाही जोडीचा तळ सुटलेला नाही. हा या बुटाचा सर्वांत मोठा गुण मी मानतो.

पकड हा त्याहून नाजूक विषय आहे. एसआरसी ही खूण मिळवण्यासाठी बूट साबणपाणी लावलेल्या फरशीवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर तपासला जातो, पण दोन्ही पृष्ठभाग सपाट असतात. उताराच्या पत्र्याचा कस त्यात लागत नाही. (मानकाच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत एसआरए, एसआरबी, एसआरसी ही अक्षरे काढून टाकली आहेत, त्यामुळे नव्या जोडीवर केवळ एसआर दिसले तर गोंधळून जाऊ नये.) कोरड्या, झाडलेल्या पत्र्यावर हा तळ उत्तम बसतो. त्याच्या खाचा उथळ आहेत, त्यामुळे रबराचा अधिक भाग धातूला टेकतो. खोल दातांचे, चिखलासाठी केलेले बूट येथे उलट काम करतात, कारण पत्र्याला फक्त दातांची टोके लागतात आणि मधल्या खाचांत खडे व पत्रा कापल्याचे कण अडकून राहतात. मात्र जिनिंगच्या छपरावर बसलेली धूळ आणि कापसाची रुई, हिवाळ्यातल्या सकाळचे दव किंवा पावसाची एक सर, यांपैकी काहीही असले तरी हाच बूट घसरतो. रंगीत पत्रा तर जुन्या जस्ती पत्र्याहूनही गुळगुळीत असतो. म्हणून आम्ही आधी झाडू मारतो, दव वाळण्याची वाट पाहतो आणि उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी खाली उतरतो.

उणिवा सांगायलाच हव्यात. बूट जड आहे आणि गुडघ्यावर बसून स्क्रू पिळताना टोपीची कड बोटांवर दाबते. चामड्यात पाय घामाने भिजतो, त्यामुळे सुती मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवावा लागतो. फिकट रंगाच्या पत्र्यावर काळ्या रबराचे ओरखडे उमटतात आणि घरमालक त्याविषयी नाराजी दाखवतात. याउलट खालून टोचणाऱ्या वस्तूंपासून वाचवणारा थर आमच्या जोडीत लोखंडी पट्टीऐवजी विणलेल्या धाग्यांचा आहे, त्यामुळे पाऊल वाकते आणि पत्र्याची पन्हळ पायाला जाणवते. छपरावर ही जाणीव फार उपयोगी पडते. हा बूट अँटिस्टॅटिक आहे, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत जाऊ देतो, पण त्याचा अर्थ तो विजेच्या धक्क्यापासून वाचवतो असा मुळीच नाही. पॅनेलवर ऊन असेपर्यंत त्याच्या तारांत विजेचा दाब असतोच, तेव्हा जोडणीच्या वेळी बुटाच्या भरवशावर राहू नये.

बुटाची निवड कितीही चांगली असली तरी सिमेंटच्या पत्र्यापुढे ती निरुपयोगी ठरते. जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतो. बोल्टच्या रेषेवरून चालले की धोका नाही, असे अनेक मेस्त्री सांगतात. खाली लोखंड असते हे खरे, पण तोल किंचित गेला तरी दुसरे पाऊल पत्र्याच्या मध्येच पडते. अशा छपरावर किमान दोन आधारांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या किंवा छपराची शिडी टाकल्याशिवाय आमच्यापैकी कोणी पाय ठेवत नाही. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे तितकेच फसवे आहेत, कारण काही वर्षांत त्यांवर धूळ बसून ते शेजारच्या पत्र्यांसारखेच दिसू लागतात. चढण्यापूर्वी शेडच्या आत जाऊन, वर पाहून, ते कोठे आहेत याची नोंद करावी. लोखंडी पत्र्यावरसुद्धा पाऊल स्क्रूच्या रांगेजवळ, जेथे खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी लोखंडी तुळई, आहे तेथेच टाकावे. धाब्याच्या, म्हणजे लाकडांवर माती टाकलेल्या सपाट छपराच्या, घरावर तर बुटाचा प्रश्न गौणच असतो. तेथे आमच्यातले वडीलधारे आबा आधी खालच्या खोलीत जाऊन वाळवी लागलेली लाकडे ठोकून पाहतात आणि त्यांनी होकार दिल्यावरच शिडी लागते.

पडण्यापासून वाचवणाऱ्या सुरक्षा पट्ट्याविषयीही थोडे लिहितो, कारण बुटांबरोबर दुकानात कमरेचा साधा पट्टा सर्रास खपवला जातो. पडताना सगळा झटका कमरेवर व पाठीच्या कण्यावर येतो, म्हणून आयएस ३५२१ ची खूण असलेला, खांद्यांवरून व मांड्यांभोवती जाणारा पूर्ण पट्टाच घ्यावा. तोही विचाराने वापरावा. दोराची लांबी, झटका शोषणाऱ्या पट्टीचे उलगडणे आणि माणसाची उंची एकत्र धरली तर नेहमीच्या दोन मीटर दोराला पाच-सहा मीटर मोकळी उंची लागते, आणि आपली कितीतरी शेड चार मीटरच्या आसपासच आहेत. तेथे दोर इतका आखूड बांधावा, की माणूस छपराच्या कडेपर्यंत पोहोचूच नये. दोर छपराच्या कैचीला (पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) किंवा पक्क्या खांबाला बांधावा. पॅनेलच्या चौकटीला कधीही नाही. शिडी भिंतीपासून तिच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी दूर ठेवून वरच्या कडेपलीकडे एक मीटर येऊ द्यावी व वर बांधून टाकावी, म्हणजे नव्या बुटांनिशी पहिले पाऊल छपरावर टाकताना धरायला काहीतरी हातात असते.

ज्यांचे काम वर्षभर पत्र्यावर चालते त्यांनी ही जोडी जास्तीचे पैसे मोजूनही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; ज्यांना महिन्यातून एखाद्या वेळी पाण्याची टाकी पाहायला स्लॅबवर जायचे आहे त्यांना तिची गरज नाही. घेताना दुकानात दोन्ही बूट घालून, नाडी बांधून, पायऱ्या उतरून पाहाव्यात, कारण उतरताना बोटे टोपीला लागत असतील तर माप लहान आहे. उत्पादनाचा महिना व वर्षही अवश्य वाचावे : पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत न वापरताही काही वर्षांत आतून कुजतो, आणि सवलतीत मिळालेली जुनी जोडी छपरावर असतानाच तळापासून भुगा होऊन सुटू शकते. आमच्या जोड्यांचा तळ जेव्हा गुळगुळीत होईल तेव्हा त्या जमिनीवरच्या कामासाठी ठेवायच्या आणि छपरासाठी नव्या आणायच्या, असे आम्ही ठरवले आहे.