ओव्हरस्पीडचं ई-चलान: भरायचं, तक्रार करायची की कोर्टात जायचं?

अटल सेतूवर कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा, पण त्याच्याच रॅम्पवर ४०. सी-लिंकवर ८०. त्यामुळे चलानाचा मेसेज आला की आधी कॅमेरा नेमका कुठे होता आणि तिथली मर्यादा किती, हे बघा. चूक आपलीच असेल तर पैसे भरून मोकळं व्हावं. हलक्या वाहनासाठी कायद्यात दंड १,००० ते २,००० रुपये आहे. मात्र न केलेल्या गुन्ह्याचं चलान ‘कटकट नको’ म्हणून भरू नका. भरलं की प्रकरण मिटतं, पुराव्यावर बोलायला जागा उरत नाही. शिवाय पुन्हा वेगमर्यादा मोडली तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे.

फोटोतली गाडीच तुमची नसेल, तर महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलान पोर्टलवर तक्रार करा. नंबरप्लेट चुकीची वाचली जाणं किंवा कोणी आपला नंबर लावून फिरणं, हे चलानातला आणि आपल्या गाडीचा फोटो शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं. आरसी, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याची फास्टॅगची नोंद जोडा. बनावट प्लेटचा संशय असेल तर पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या.

गाडी तुमचीच, पण वेगाचा आकडा पटत नाही, तेव्हा मामला अवघड. यंत्र बरोबर मोजत होतं का, हे फोटोवरून ठरत नाही. माझ्या मते याची खरी जागा कोर्टच. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. पुढे कॅमेरा आहे अशी पाटी हवी, नोटीस १५ दिवसांत यायला हवी. वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची वैधमापन पडताळणी, म्हणजे ती बरोबर मोजतात का याची सरकारी तपासणी, १ जुलै २०२५ पासून बंधनकारक आहे. ही प्रमाणपत्रं माहिती अधिकारात मागा. कॅमेऱ्याचा फोटो हाही इलेक्ट्रॉनिक पुरावाच; अशा पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात, म्हणजे जालन्याच्या निवडणूक वादात, स्पष्ट केलंय.

कोणता मुद्दा मांडता यालाही महत्त्व आहे. ‘कॅमेरा तिरका होता’ यात दम नाही: स्थिर रडारच्या तिरक्या कोनामुळे वेग उलट कमीच दिसतो. फ्रेममध्ये शेजारच्या लेनमधून दुसरी गाडी जात असेल, तर आकडा कोणाचा हा प्रश्न मात्र रास्त आहे. फास्टॅगच्या टोलनोंदींवरून काढलेला सरासरी वेग त्या क्षणाचा वेग खोडू शकत नाही. जीपीएस असलेल्या डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचं, फुटेज त्याहून भक्कम.

कोर्टात तारखा पडतात, कामाचे दिवस जातात, वकिलाची फी दंडापेक्षा जास्त होऊ शकते. मर्यादेपेक्षा थोडाच जास्त वेग दाखवला असेल तर मी या वाटेला जाणार नाही. टॅक्सी-टेम्पोवर पोट असलेल्यांचं गणित वेगळं. लायसन्स अडकलं तर रोजी अडकते, त्यांनी जरूर लढावं.

लोकअदालतीत थकलेल्या चलानांवर सूट मिळू शकते, पण तिथे तडजोड होते, यंत्राची तपासणी नाही. तिच्या निवाड्यावर अपीलही नसतं. दंड मान्य आहे पण रक्कम जड जाते, त्यांच्यासाठी ती ठीक.

डॅशकॅमचं कार्ड भरलं की जुनं फुटेज पुसलं जातं, तेव्हा मेसेज आला त्याच दिवशी क्लिप काढून ठेवा.