मिक्सर, आठ महिन्यांनंतर: मोटर ठणठणीत, चटणीचं भांडं बाद

७५० वॉट, तीन भांडी, मोटरला ५ वर्षांची वॉरंटी हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे उगाळत नाही. मुद्दा चटणीच्या भांड्याचा. आठव्या महिन्यात त्याच्या बुडातून काळपट, तेलकट पाणी झिरपायला लागलं. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: बुश हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, सुटा मिळत नाही. नवं भांडं घ्या, ६५० रुपये.

बुश म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी. भांडं तासन्‌तास पाण्यात भिजत पडलं की तिच्यातलं वंगण धुऊन जातं, मीठ-चिंचेचं पाणी आत शिरतं आणि दांडा कोरडाच घासत राहतो. भोक एकदा सैल झालं, की वर रबरी सील नवं टाकूनही गळती थांबत नाही. खूण सोपी आहे. भांडं उपडं करून खालचा कपलर, म्हणजे मोटरवरच्या जोडीदारात अडकणारी दातेरी चकती, चिमटीत धरा. वर-खाली किंचित हलला तर हरकत नाही. आडवा डुगडुगला की बुश गेलं.

जुन्या जाड स्टीलच्या भांड्यांना खाली नट असायचा. दुरुस्तीवाला तो सोडवून जुनं बुश ठोकून काढायचा, नवं बसवायचा. भांडं पुन्हा कामाला. या मिक्सरला नटच नाही. बुश बुडाच्या प्लॅस्टिकमध्येच पक्कं बसवलेलं आहे, काढायला गेलं तर बूडच फुटतं.

तिसऱ्या महिन्यात मोटरवरच्या कपलरचे दात गेले, तेव्हा ‘प्लॅस्टिक वापरून पैसे वाचवले’ असंच मत झालं होतं. ते मागे घेतो. सुकं खोबरं अडकून पातं थांबलं तर कुणीतरी तुटायलाच हवं. ६० रुपयांचा कपलर तुटला म्हणून वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) वाचलं. बदलायलाही सोपा: प्लग काढा, खालून मोटरचा दांडा स्क्रू-ड्रायव्हरने धरा आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवा. उलटा फिरवलात तर आणखी आवळतो, आणि तिथेच बहुतेकांचे दात (कपलरचे) जातात.

मोटरबद्दल तक्रार नाही. शेंगदाण्याचं कूट, ओल्या खोबऱ्याचं वाटण सहज होतं. हळकुंडं टाकली तर खालचं लाल बटण (जास्त ताण आला की मोटर बंद करणारं) उडतं. अर्धा माल काढायचा, दहा मिनिटं थांबून बटण दाबायचं. हळकुंडं गिरणीतच द्यावीत.

नवीन घेणाऱ्यांनी वॉट बघण्याआधी दुकानात भांडं उपडं करून नट शोधावा. घरी धुताना अर्धी वाटी पाणी घालून पाच सेकंद फिरवावं, ओतावं, पुसून उपडं ठेवावं. भिजत घालू नये.

६५० रुपये अजून दिलेले नाहीत. सध्या चटणी मधल्या भांड्यात. तिथे चार लसूण पाकळ्या पात्याला लागतच नाहीत, कडेला चिकटून बसतात, म्हणून दरवेळी दुप्पट वाटावी लागते.